मेटल डिटेक्टरला सोने कळत नाही

बागेत मेटल डिटेक्टर फिरवून जुनी नाणी शोधणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली सगळीकडे दिसतात. यंत्र वाजते, पडद्यावर एक आकडा उमटतो आणि माती उकरण्याआधीच माणूस सांगून मोकळा होतो, ‘चांदीचं नाणं!’ बऱ्याचदा ते खरेही निघते. त्यावरून पाहणाऱ्यांचा समज होतो की या यंत्राला धातू ओळखता येतात. तसे अजिबात नाही. तो आकडा ज्या गोष्टीवरून येतो ती मात्र इतकी सुंदर आहे की ती नीट समजावून सांगावी, म्हणून हा लेख.

शाळेत शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आठवा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहक ठेवला की त्यात प्रवाह निर्माण होतो, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले. डिटेक्टरच्या खालच्या थाळीत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. छंदासाठीच्या बहुतेक यंत्रांत ही वारंवारता ५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास असते. या वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते, नाण्यापर्यंत पोहोचते आणि नाण्यात गोल गोल फिरणारे भोवरा प्रवाह उठवते. या प्रवाहांना स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. थाळीतले दुसरे वेटोळे अशा बेताने बसवलेले असते की पहिल्याचे क्षेत्र त्याला जवळजवळ जाणवू नये. नाण्याकडून येणारे क्षेत्र तेवढे जाणवावे. तांबे किंवा चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, तरी यंत्र तिथेच उत्तम वाजते ते यामुळे. इथे काम आहे वाहकतेचे.

आता खरी गंमत. नाण्यातला प्रवाह थाळीतल्या प्रवाहाबरोबर ताल धरत नाही, तो मागे पडतो. किती मागे पडतो, यातच सगळी माहिती दडलेली असते.

नाण्यात विद्युतदाब निर्माण होतो तो क्षेत्राच्या बदलाच्या वेगामुळे. क्षेत्र जेव्हा शिखरावर असते तेव्हा ते क्षणभर बदलत नसते, म्हणजे दाब शून्य. क्षेत्र शून्यातून जाताना बदल सर्वात वेगवान, म्हणून दाब सर्वाधिक. याचा अर्थ, दाब क्षेत्राच्या पाव आवर्तन, म्हणजे ९० अंश मागे असतो. हे प्रत्येक धातूला सारखेच लागू. पुढचा टप्पा मात्र वस्तूवस्तूगणिक बदलतो. प्रवाहाला दोन अडथळे असतात: एक धातूचा रोध, दुसरे स्वयंप्रवर्तन, म्हणजे आपल्या वाहण्यात बदल होऊ न देण्याची प्रवाहाची वृत्ती. चाके गंजलेली रिकामी हातगाडी पुढे-मागे ढकलून पाहा. जोर लावाल तेवढी हलते, हात थांबला की तीही थांबते. तीच गाडी मालाने भरा आणि चाकांना वंगण द्या. तुम्ही मागे ओढू लागलात तरी ती अजून पुढेच जात राहते. गंज म्हणजे रोध, वजन म्हणजे स्वयंप्रवर्तन, आणि गाडीचा वेग म्हणजे प्रवाह.

पातळ ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यात रोध वरचढ ठरतो. तिथे प्रवाह दाबाच्या पाठोपाठच चालतो, म्हणून एकूण मागे पडणे ९० अंशांच्या जवळपास राहते. चांदीच्या जाड नाण्यात स्वयंप्रवर्तन वरचढ. प्रवाह आणखी जवळजवळ ९० अंश रेंगाळतो आणि एकूण फरक १८० अंशांकडे सरकतो. म्हणजे नाण्याचे क्षेत्र थाळीच्या क्षेत्राच्या जवळपास बरोबर उलट उभे राहते. बाकी बहुतेक वस्तू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतात. १० किलोहर्ट्झला पूर्ण आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचे असते, तेव्हा फॉइलपासून चांदीपर्यंतचा सगळा पल्ला फक्त २५ मायक्रोसेकंदांत बसतो. पडद्यावरचा आकडा म्हणजे या पल्ल्यातली जागा. लोखंडाचा प्रकार वेगळा. ते स्वतःच चुंबकित होते, तेही क्षेत्राच्या तालावर, त्यामुळे त्याचा संकेत सहसा पल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला पडतो. पण लोखंडी पत्र्याचा सपाट तुकडा असेल तर त्यात भोवरा प्रवाहही जोरात उठतात, आणि तो चांगल्या धातूचे सोंग आणतो.

हे रेंगाळणे फक्त धातूवर अवलंबून असते तर प्रश्नच नव्हता. ते वस्तूच्या आकारावर आणि जाडीवरही तितकेच अवलंबून असते. शिवाय सोन्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ७० टक्के आणि ॲल्युमिनियमची सुमारे ६० टक्के. म्हणून सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्यावरची ॲल्युमिनियमची कडी पुष्कळदा एकाच आकड्यावर येतात. बागेत तर अशा कड्यांचा खच पडलेला असतो. ‘कचरा वगळा’ हे बटण दाबणारा माणूस त्या कड्यांबरोबर अंगठ्याही वगळतो. सोन्याची बारीक साखळी तर याहून अवघड: प्रत्येक दुवा म्हणजे एक वेगळे छोटे वर्तुळ, मोठा भोवरा फिरायला जागाच नाही.

खोलीचे गणित कठोर आहे. थाळीचे क्षेत्र लांब अंतरावर अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, आणि नाण्याचे परतीचे क्षेत्र पुन्हा तसेच. दोन्ही मिळून सहावा घात. अंतर दुप्पट केले की संकेत चौसष्टावा भाग उरतो, तिप्पट केले की सातशे एकोणतिसावा. एकेका नाण्यासाठी ही यंत्रे साधारण वीतभर, फार तर थोडे अधिक खोल जातात ती यामुळेच. ‘शंभर फुटांखालचे सोने दाखवणारे यंत्र’ अशा जाहिराती या गणितापुढे टिकत नाहीत. हातात वाकवलेल्या तारा घेऊन गुप्तधन दाखवणाऱ्यांचेही तेच. तारा हलतात त्या धरणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालींनी. हा भ्रम जीवघेणाही ठरतो. एडीई ६५१ नावाचे पोकळ उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकले गेले, तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरले गेले, आणि विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यात धातू किंवा स्फोटक शोधणारे काहीही नव्हते.

चांगले यंत्रही शेजारच्या लोखंडाने फसते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेलने याच तत्त्वावरचे यंत्र आणले होते. डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. त्यात पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनीही घोटाळा केला असे मानले जाते. बागेतला गंजका खिळा शेजारच्या नाण्याला असाच झाकून टाकतो.

‘जितके खोल, तितके जुने’ हाही असाच एक समज. वस्तू गाडली जाते ती बऱ्याच अंशी गांडुळांमुळे. ती खालची माती वर आणून टाकत राहतात आणि वस्तू हळूहळू खाली जाते, हे डार्विनने १८८१ मध्येच सविस्तर मांडले. पण बागेत भराव टाकतात, झाडे लावायला खणतात. कालचे नाणे खाली आणि शतकापूर्वीचे वर, असे सहज घडते.

म्हणून वय कळते ते नाण्यावरून आणि ते ज्या मातीत, ज्या वस्तूंशेजारी होते त्यावरून. इंग्लंडमधल्या हॉक्सन इथे १९९२ मध्ये एरिक लॉज हे मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते आणि त्यांना रोमन नाणी लागली. त्यांनी खणणे थांबवून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी बाकीचा साठा जागेवरून उचलला, म्हणूनच सुमारे पंधरा हजार नाणी लाकडी पेटीत ठेवली होती, आत आणखी लहान पेट्या होत्या, काही वस्तू कापडात गुंडाळल्या होत्या, हे कळू शकले. यातले काहीही डिटेक्टरच्या आकड्यात नसते. बागेत शोध घ्यायचा तर आधी जागेच्या मालकाची किंवा प्रशासनाची परवानगी घ्यावी. एकाच खड्ड्यात दुसरे जुने नाणे किंवा भांड्याचा तुकडा दिसला तर तिथेच हात थांबवावा, जागेचा फोटो काढावा, खोली मोजून लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.