परदेशातला वैद्यकीय विमा : अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

विमा शोधायला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुम्ही तिकडे फिरायला जाताय की राहायला? पुढचा सगळा अर्ज यावरच ठरतो.

फिरायला, कामासाठी किंवा मुलांकडे काही दिवस जाणाऱ्यांसाठी प्रवास विमा असतो. तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता आणि अपघातापुरता. नेहमीच्या तपासण्या, ठरवून केलेली शस्त्रक्रिया त्यात सहसा बसत नाही. राहायला जाणाऱ्यांना मात्र त्या देशाच्याच व्यवस्थेत शिरावं लागतं. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला, नोकरीतून विमा मिळत नसेल तर, राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव नोंदवावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत विमा घ्यावा लागतो. ब्रिटनच्या सहा महिन्यांहून मोठ्या बहुतेक व्हिसांसाठी आरोग्य अधिभार अर्जासोबतच भरायचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाला, काही देशांचे विद्यार्थी वगळता, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची तिथली वेगळी पॉलिसी लागते.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच सामाईक व्हिसासाठी, पॉलिसी किमान 30,000 युरोची हवी, सगळ्या शेंगेन देशांत चालणारी हवी आणि मुक्कामाचा एकही दिवस सुटता कामा नये. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च, हे सगळं प्रमाणपत्रावर लिहिलेलं असावं. एकाच व्हिसावर अनेकदा ये-जा करता येईल असा (मल्टिपल एंट्री) व्हिसा मागत असाल तर पहिल्या मुक्कामाचा विमा दाखवायचा असतो. पुढच्या प्रत्येक फेरीला तो स्वतः काढायचा. अमेरिकेच्या जे-1 व्हिसाची, म्हणजे शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जाणाऱ्यांच्या व्हिसाची, अट आणखी कडक आहे. दर आजाराला किंवा अपघाताला किमान 1 लाख डॉलर, वैद्यकीय कारणाने हलवण्यासाठी 50,000, पार्थिव परत आणण्यासाठी 25,000 डॉलर आणि स्वतः सोसायची रक्कम दर आजारामागे 500 डॉलरपेक्षा जास्त नको.

अर्जाला लागणारे कागद थोडेच असतात : पासपोर्ट, प्रवासाच्या तारखा, वारसाचं नाव, असेल तर व्हिसा. वय जास्त असेल तर काही कंपन्या तपासण्यांचे अहवालही मागतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहा.

खरी काळजी आजारांच्या रकान्यात घ्यायची. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी, रोजची एखादी गोळी, सगळं लिहा. प्रीमियम वाढेल म्हणून एजंटने ‘हे नको लिहू’ म्हटलं तरी लिहा. परदेशातल्या रुग्णालयात डॉक्टर विचारतात तेव्हा रुग्ण स्वतःच ‘दहा वर्षांपासून शुगर आहे’ असं सांगतो, ते केसपेपरवर उतरतं आणि दाव्याच्या वेळी विमा कंपनी तो कागद अर्जाशेजारी ठेवून वाचते. लपवलेला आजार सापडला की दावा फेटाळला जाऊ शकतो आणि बिल कुटुंबाच्या गळ्यात पडतं. आजार कळवला म्हणजे तो विम्यात आला असंही धरू नका. अनेक पॉलिसी जुन्या आजारात फक्त जीव वाचवण्यापुरता खर्च देतात, काही तेवढाही देत नाहीत. आई-वडिलांसाठी पॉलिसी घेताना ही अट आधी वाचा, विमा रकमेचा आकडा नंतर. आणि मोठ्या आकड्याआड प्रत्येक उपचाराची वेगळी मर्यादा दडलेली नाही ना, हेही बघा. वयस्करांच्या पॉलिसीत असं बऱ्याचदा असतं.

प्रवासाला निघण्याआधीच पॉलिसी घ्या. मुक्काम वाढला तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा.

तिकडे दाखल व्हायची वेळ आली तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, आणीबाणीत उपचार सुरू झाल्यावर नातेवाइकाने करावा. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने रुग्णालयाचं बिल परस्पर भरण्याची, मंजुरी तिथूनच मिळते. पैसे स्वतः भरले असतील तर मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती आणि अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल जोडावा लागतो. तपशीलवार बिल तिथे असतानाच मागून घ्या. परत आल्यावर त्याच्यासाठी ईमेल करत बसावं लागतं आणि दावा दाखल करायची मुदत तोवर सरत असते.