वारं न लागलेलं लोखंड

कोल्हापुरात दसऱ्याच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीतनं एक वाक्य हमखास ऐकू येतं. यंदाही आलं. मागं उभे असलेले एक गृहस्थ खांद्यावरच्या पोराला सांगत होते, "बघ, तवाचं लोखंड! गंज म्हणून नाही कुठं. आत्ताच्या गाड्या म्हंजे निस्ता डबा."

माझी जीभ वळवळत होती. पण सोनं लुटायच्या वेळी रसायनशास्त्र काढलं तर आमची मंडळी मला ओळखच दाखवत नाहीत. म्हणून इथं लिहितो.

मेबॅक गंजली नाही ती छपराखाली राहिली, पुसली गेली, म्हणून. तेव्हाचं लोखंड गंजतं का, हे बघायचं असेल तर माझ्याबरोबर शिवाजी उद्यमनगरात चला. तिथल्या एका शेडमध्ये गेलं वर्ष-दीड वर्ष दुसऱ्या महायुद्धातल्या एका ट्रकची कॅब, म्हणजे ड्रायव्हरची केबिन, उघडून ठेवली आहे. ट्रक माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. पोरगा गुळाच्या व्यापारात आहे, पण जीव असल्या खटाऱ्यांत अडकलेला.

हा ट्रक शेवरलेटचा, 'कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न' जातीचा. युद्धकाळात फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या कारखान्यांनी असे चार लाखांहून जास्त ट्रक बनवले. जहाजात कमी जागा लागावी म्हणून नाक आखूड ठेवलं, त्यामुळं इंजिन कॅबमध्ये घुसलं आणि ड्रायव्हरला पाय ठेवायला जागा उरली नाही. आमच्याकडचा नमुना शेवटच्या, म्हणजे १३ क्रमांकाच्या कॅबचा. त्याची पुढची काच उलटी कललेली आहे, वरची कड पुढं आणि खालची आत. कारण शाळेतलंच: आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. अशा काचेवर पडलेलं ऊन जमिनीकडं फेकलं जातं, वर आकाशात चमकत नाही, आणि शत्रूच्या विमानाला ट्रक चटकन दिसत नाही.

आता हा ट्रक इथं कसा आला ती कहाणी लांब आहे. एवढंच सांगतो, की पंचगंगेकाठच्या एका मळ्यात तो चिंचेखाली उभा होता आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दारांपर्यंत बुडाला होता. उद्यमनगरात आणला तेव्हा वरनं मात्र झकास दिसत होता. बॉनेट, दारं, मडगार्ड, सगळीकडं रंग धरून. मालक खूश. दुरुस्ती करणाऱ्या मेस्त्रींनी काही न बोलता हातोडीच्या दांड्यानं दार ठोकत ठोकत खाली आणलं. वरती ठणठण. मध्यावर ठणठण. तळापासून चार बोटांवर आवाज एकदम बसला, ओल्या मडक्यासारखा.

"आतनं खाल्लंय, सर," ते म्हणाले. "वरनं नवरदेव, खालनं भगदाड."

दाराच्या आतलं झाकण काढल्यावर वाळलेल्या गाळाची एक अख्खी वीट निघाली. पंचगंगेचा काळा गाळ, दाराच्या आतल्या पोकळीच्या मापाचा, साच्यातनं काढल्यासारखा. तिच्यामागचा पत्रा बोटानं दाबला तर बोट आरपार गेलं.

हे मला फार आवडतं. म्हणजे मालकाचं नुकसान नव्हे, त्यामागचं कोडं. लोखंड गंजायला पाणी लागतं आणि ऑक्सिजन लागतो, हे आपण सातवी-आठवीत तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे घेऊन शिकलो. मग जिथं ऑक्सिजन भरपूर, तो उघडा पत्रा आधी खायला हवा. गाळाखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, रबरी मॅटखाली हवा धड पोचत नाही. भोक मात्र नेमकं तिथंच पडतं. का?

याचं उत्तर केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवलं, १९२० च्या दशकात. मी तो प्रयोग त्याच दाराच्या एका धड तुकड्यावर केला. पत्रा पॉलिश पेपरनं लख्ख घासला. मिठाच्या पाण्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि थोडं फिनॉल्फ्थॅलिन मिसळलं. लोखंड विरघळून पाण्यात उतरलं की पहिलं निळं होतं. अल्कली तयार झाली की दुसरं गुलाबी. थेंब ठेवला. सुरुवातीला सगळीकडं निळे-गुलाबी ठिपके, पुरळ उठल्यासारखे. अर्ध्या-पाऊण तासानं चित्र बदललं. थेंबाचा मध्य निळाशार, कडा गुलाबी आणि दोन्हींच्या मध्ये गंजाचं तांबूस कडं. मेस्त्री वाकून बघत होते. म्हणाले, "कुंकवाच्या ऐवजी नीळ लावल्यागत दिसतंय."

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथला ऑक्सिजन एकदा वापरला की नवा यायला वेळ लागतो. आणि लोखंड विरघळतंय ते मध्यात, जिथं ऑक्सिजन नाही!

गंमत अशी, की गंजणं ही एक नव्हे, दोन कामं आहेत, आणि ती एकाच जागी व्हायला हवीत असं नाही. पहिलं काम, लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागं टाकून पाण्यात उतरतो. दुसरं, ऑक्सिजन आणि पाणी मिळून ते इलेक्ट्रॉन घेतात आणि अल्कली बनते. इलेक्ट्रॉन पत्र्यातनं पाहिजे तिकडं धावू शकतात, पत्रा म्हणजे तारच की. जेवणावळीचं उदाहरण घ्या. पंगत बसते अंगणात, कारण पानं मांडायला जागा तिथं. पण धान्य संपतं ते माजघरातल्या कणगीतलं. ऑक्सिजन ही पंगत, इलेक्ट्रॉन हे वाढप. पंगतीच्या जागी काहीच झिजत नाही, उलट तिथं जमलेल्या अल्कलीमुळं लोखंडावर संरक्षक थर बसायला मदतच होते. झिजते कणगी.

पुढचा भाग जरा किचकट आहे, पण तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फटीत विरघळलेले लोहाचे आयन तिथल्या पाण्याचे रेणू फोडतात, हायड्रॉक्साइड स्वतःकडं ओढतात आणि हायड्रोजन आयन मोकळे सोडतात. म्हणजे फटीतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. शिवाय फटीत धनभार साचला, तो फेडायला बाहेरचे क्लोराइड आयन आत सरकतात. आम्ल अधिक क्लोराइड, म्हणजे पातळसं हायड्रोक्लोरिक आम्लच. त्यानं लोखंड आणखी विरघळतं, आणखी आयन, आणखी आम्ल. एकदा सुरू झालेली फट स्वतःच स्वतःला पोसते. बाहेरचं अंगण जितकं मोठं तितकी पंगत मोठी, आणि कणगी मात्र बोटभर रुंदीची. म्हणून मोठ्या पत्र्यात अरुंद पट्टाच आरपार जातो.

किती विजेचा हा खेळ? फॅरडेच्या नियमानं हिशेब मांडा. एक मिलिअँपिअर, म्हणजे एखादा छोटा एलईडी मिणमिणता लागावा एवढा प्रवाह, वर्षभर वाहिला तर सुमारे ९ ग्रॅम लोखंड विरघळतं. कॅबचा पत्रा मी मोजला तो १.२ मिलिमीटर, कारागिरांच्या भाषेत १८ गेज. त्यात ९ ग्रॅम म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर बाय तीन सेंटिमीटरचं भोक. चिंचेखाली किती वर्षं गेली ते तुम्हीच धरा.

वर आणि गंजाला जागा जास्त लागते. मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट. पायदानाजवळ दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेली पट्टी होती. मधल्या गंजानं ती पुरीसारखी फुगली होती आणि दोन-तीन वेल्ड चक्क उपटले होते.

आता दोन शब्द इतर उपायांबद्दल. ट्रक शेडमध्ये आला तो वार शनिवार. 'शनिवारी लोखंड घरात आणू नये' म्हणून मालकाच्या आत्याबाईंनी त्याला आठवडाभर धारेवर धरलं, आणि वर लढाईतली गाडी म्हणून लिंबू-मिरची बांधायला लावली. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, ते पिळून चोळलं असतं तर थोडा गंज तरी निघाला असता. टांगून काय होणार? पण आत्याबाईंना हसणाऱ्या शिकलेल्या मित्रानं काय सुचवावं, तर बॅटरीला जोडायची 'गंजरोधक' इलेक्ट्रॉनिक डबी. ही शहरी लिंबू-मिरची. विजेनं लोखंड वाचवता येतं हे खरं. हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचं तांबं जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून असंच वाचवलं होतं. पण जहाज अख्खं समुद्रात बुडालेलं असतं, पाण्यातनं सर्किट पूर्ण होतं. रस्त्यावरच्या ट्रकच्या दाराला आणि मडगार्डाला जोडणारं सलग पाणी कुठाय? डबीचा दिवा तेवढा लागतो.

दिल्लीच्या लोहस्तंभाचा फॉरवर्ड तर मला महिन्यातनं एकदा येतोच. सुमारे सोळाशे वर्षं तो टिकलाय, त्यामागं हरवलेली विद्या वगैरे नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळं पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर बसला, हे कानपूर आयआयटीच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. जमिनीखालचा भाग मात्र गंजलाय. वारं न लागणारा भाग, लक्षात आलं ना?

दुरुस्तीत मेस्त्रींशी माझं एकदाच वाजलं. मला वाटत होतं सडका भाग न कापता वरनं थिगळ लावावं, मूळ पत्रा जास्तीत जास्त राखावा. ते म्हणाले, "थिगळ म्हंजे परत दोन पत्रे, परत फट. तुमचाच थेंब, सर." तोंडात मारल्यासारखं झालं. मग सडकं सगळं कापलं, नवा पत्रा कडेला कड भिडवून जोडला. वेल्डिंग सलग नाही, इथं एक टाका, वीतभर लांब दुसरा, नाहीतर उष्णतेनं पत्रा ताणून लाटा उठतात. उरलेले सांधे ड्रिलनं उघडून आतनं खरवडले, जस्ताचा प्राइमर मारून परत मिटवले. जस्त लोखंडाच्या आधी इलेक्ट्रॉन सोडतं, कणगी जस्ताची रिकामी होते. आणि इथं ते चालतं, कारण फटीतला ओलावा लोखंडाबरोबर जस्तालाही भिडलेला असतो. बाजारात बरेच जण यातलं काहीच करत नाहीत. गंजावर बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, थापतात, घासतात, रंग मारतात आणि दोन पावसाळ्यांनी फोड आले की कंपनीला शिव्या घालतात.

जिथं ब्रश पोचतो पण पत्रा कापण्याइतका सडला नाही, तिथं आम्ही हिरडा वापरला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते त्यातल्या टॅनिनमुळं. टॅनिन गंजातल्या लोहाला धरून निळसर काळं, न विरघळणारं संयुग बनवतं. संग्रहालयात जुन्या लोखंडी वस्तूंना टॅनिक आम्ल लावतात ते यासाठीच. हिरड्याचा दाट काढा तांबड्या कोपऱ्याला रात्री लावला, सकाळी कोपरा दौतीतल्या शाईसारखा. बिजागऱ्या मात्र उसाच्या मळीत एकास नऊ पाणी घालून दहा दिवस बुडवल्या. मळीतले सेंद्रिय रेणू लोहाला खेकड्यानं नांगीत धरावं तसे धरतात. बिजागऱ्या राखाडी, स्वच्छ निघाल्या. वास शेजारच्या लेथवाल्याला विचारा.

रंगाचा प्रश्न मजेशीर सुटला. मालकाला लष्करी हिरवा हवा होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पोरगा हिरमुसला. मग दाराच्या आडोशाच्या जागी तळहाताएवढा गोल पॉलिश पेपरनं ओला घासला, थर कांद्यासारखे उलगडत गेले: वर हिरवा, खाली पिवळट, आणि अगदी प्राइमरला लागून चॉकलेटी. युद्धात हिरव्या रंगद्रव्याची, क्रोमियम ऑक्साइडची, टंचाई झाली तेव्हा १९४२ च्या सुमारास ब्रिटिश सैन्यानं तपकिरी रंग धरला होता, तो हा. कायदाही खूश, इतिहासही. फक्त असला बिनचमक रंग स्वतः फार पाणी अडवत नाही. त्यात रंगद्रव्य जास्त, बांधणारं राळ कमी, म्हणून तो सच्छिद्र. भिस्त सगळी खालच्या प्राइमरवर.

परवा दार बसवायच्या आधी मेस्त्रींनी नव्या कोऱ्या पत्र्याच्या तळाला ८ मिलिमीटरची चार भोकं पाडायला घेतली. मालकाचा चेहरा बघवत नव्हता.

"मेस्त्री, नव्या पत्र्याला भोकं?"

"आत पाणी जाणारच हाय. त्याला जायला वाट नको?"

भोकांच्या कडांना प्राइमर लावून सुकवला आणि काचेच्या फटीतनं तांब्याभर पाणी ओतलं. तीन भोकांतनं धार आली, चौथं गप्प. मेस्त्रींनी सायकलच्या चाकाची तार आत घालून फिरवली. वेल्डिंगचा एक बारका खडा टपकन बाहेर पडला आणि मागनं पाणी.