एका प्रतिज्ञापत्राची वंशावळ

कोथरूडला आमच्या सोसायटीत अशी तीन-चार घरं आहेत, जिथे बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत ‘आय-८६४’ नावाच्या अमेरिकी प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स सापडते. तिकडे नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी त्यात लिहून देते, की आईवडील ग्रीन कार्डावर आले की त्यांना दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट उत्पन्नावर मी ठेवीन. त्यांनी गरिबांसाठीची सरकारी मदत घेतलीच, तर सरकारने ते पैसे माझ्याकडून वसूल करावेत. आईवडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावावर सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही. ‘पोटच्या पोराकडून स्टँपपेपर लिहून घेतलाय,’ असं एक काका संध्याकाळी कट्ट्यावर म्हणाले तेव्हा सगळे हसले.

कुणाच्या लक्षात आलं नाही, की हा कागद ज्या लाटेतून आला ती बेकायदा घुसणाऱ्यांविरुद्धची होती. अमेरिकेत ‘बेकायदा आलेल्यांची सरकारी मदत बंद करा’ अशी विधेयकं ठरावीक काळाने येतातच. बातमी वाचून आपल्याला वाटतं, हे मेक्सिकोच्या सीमेवरचं प्रकरण, आपला काय संबंध.

मूळ शंका जुनी आहे. १८८२च्या कायद्याने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी उतारूवर ५० सेंट कर बसवला आणि जो ‘सरकारवर भार’ होईल त्याला परत पाठवायची सोय केली. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. पुढची नव्वद वर्षं मी सरळ ओलांडतो, कारण मदतीचा आजचा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो टेक्ससमध्ये.

तिथे १९७५ साली कायदा झाला, की कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळेने प्रवेश नाकारला तरी चालेल. टायलर नावाच्या गावाने १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. चार कुटुंबं कोर्टात गेली. आईवडील ओळखू येऊ नयेत म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली. ती माणसं घरातलं सामान गाडीत भरूनच कोर्टात आली होती, कारण तिथूनच सीमेपार रवानगी होईल अशी त्यांची खात्री होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जून १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: राज्यघटनेतलं समान संरक्षणाचं कलम ‘व्यक्ती’ म्हणतं, ‘नागरिक’ नव्हे, आणि आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही. एका मताचा फरक! शाळेचं दार तेव्हापासून उघडं आहे, आणि ते पुन्हा लावून घ्यायचे प्रयत्नही तेव्हापासून चालू आहेत.

सर्वांत गाजलेला प्रयत्न कॅलिफोर्नियाचा. मंदी होती, संरक्षण उद्योगातल्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि गव्हर्नर पीट विल्सन यांची निवडणूक तोंडावर आली होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये मतदारांपुढे ठेवलेला ‘प्रस्ताव १८७’ जवळपास ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. बेकायदा आलेल्यांना शाळा बंद, तातडीचे उपचार सोडून दवाखाना बंद, आणि संशय आला तर शिक्षक-डॉक्टरांनी सरकारला कळवायचं. कोर्टाने तो लगेच रोखला आणि १९९९ मध्ये तो कायमचा बारगळला. पण कोर्टात हरलेली कल्पना वॉशिंग्टनला पोचली होती.

ऑगस्ट १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी कल्याणकारी मदतीच्या सुधारणेचा कायदा केला. इथे जरा थांबायला हवं. बेकायदा राहणाऱ्यांना रोख भत्ता, फूड स्टँप (गरिबांसाठीची अन्नमदत) वगैरे केंद्राच्या बहुतेक मोठ्या योजना सत्तरच्या दशकापासूनच बंद होत्या. मग कापायचं काय? कापली गेली ती कायदेशीर स्थलांतरितांची मदत. नव्या ग्रीन कार्डधारकाला पहिली पाच वर्षं गरिबांसाठीच्या बहुतेक केंद्रीय योजना बंद झाल्या. या कायद्यातून होणारी जी बचत तेव्हा मांडली गेली, तिचा चाळीस टक्क्यांहून मोठा हिस्सा स्थलांतरितांच्या वाट्याचा होता. हा भाग आपल्याला पटत नाही, असं सही करताना खुद्द क्लिंटनच म्हणाले. सही मात्र केली. नातेवाइकाचं हमीपत्र पूर्वीही असे, पण ते कोर्टात टिकत नसे. त्याला दात आले ते १९९६च्याच कायद्यांनी. काकांचा स्टँपपेपर तो हाच.

नंतर राज्यांच्या कायद्यांची पाळी आली. ॲरिझोनात २००४, जॉर्जिया आणि कोलोरॅडोत २००६, ओक्लाहोमात २००७. सगळ्यांचा गाभा एकच: मदत मागणाऱ्याने आधी कागद दाखवावा. केंद्रानेही जुलै २००६ पासून मेडिकेड या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेसाठी नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा केला, तेव्हा अडकले ते जन्मदाखला न सापडणारे अमेरिकीच. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत उभ्या राहिलेल्या आपल्या पेन्शनरांना हे वेगळं समजवायला नको.

जुलै २०२५च्या कायद्याने तर निर्वासित म्हणून रीतसर आश्रय दिलेल्यांनाही अन्नमदतीच्या यादीतून काढलं. ज्या कॅलिफोर्नियाने पुढे बेकायदा राहणाऱ्या प्रौढांनाही राज्याच्या पैशातून आरोग्यसेवा दिली, त्यानेही तुटीपायी २०२६ पासून त्यांची नवी नोंदणी थांबवायचं ठरवलं. त्याआधी फेब्रुवारीत हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना बेड्या घालून आणणारं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले तीन जण होते. कट्ट्यावर चर्चा त्या बेड्यांची झाली, फूड स्टँपच्या कलमाची नाही.

काकांचं ग्रीन कार्ड या खेपेला यादीत शाबूत आहे. तिकडे कधी नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर, म्हणजे वयस्करांसाठीची सरकारी विमा योजना, विकत घ्यायची, तरी आधी पाच वर्षं सलग तिथे राहावं लागतं. काकांची तीनच झालीत. म्हणून ते हिवाळ्यात इकडे येतात, दातांचं आणि मोतीबिंदूचं काम कोथरूडलाच उरकतात, आणि जाताना खाजगी विम्याचा हप्ता मुलगा भरतो.