पार्श्वभूमी : ‘मॉन्स्टर्स बॉल’ आणि दोन प्रकारचे प्रेक्षक

देहदंड झालेल्या एका कृष्णवर्णीय कैद्याची विधवा आणि त्याच कैद्याला वीजखुर्चीपर्यंत चालवत नेणारा गोरा तुरुंग-अधिकारी. तिचा मुलगा गाडीखाली येऊन गेलेला, त्याच्या मुलाने त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःवर गोळी झाडलेली. या दोघांच्या जवळ येण्याची गोष्ट ‘मॉन्स्टर्स बॉल’ या चित्रपटातून २००१ च्या अखेरीस अमेरिकेत पडद्यावर आली आणि तेव्हापासून तिच्याविषयीची मते दोन टोकांना आहेत. काहींना त्यात दुःखाने माणूस झालेला एक वर्णद्वेष्टा दिसतो. काहींना, विशेषतः अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना, त्यात एका गोऱ्या पुरुषाच्या पापक्षालनासाठी वापरलेली काळी स्त्री दिसते. अभिनय उत्तम आहे याबद्दल दोन्ही बाजूंत फारशी तक्रार नाही. भांडण त्या जोडीवरून आहे, आणि ते चित्रपटापेक्षा फार जुने आहे.

‘न जुळणारे प्रेम’ असे या कथेचे वर्णन सर्रास केले जाते. पण न जुळणारे कुणाच्या लेखी, हे आधी पाहायला हवे. व्हर्जिनियात १६६२ साली असा कायदा झाला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. म्हणजे मालकाने गुलाम स्त्रीवर लादलेल्या संबंधातून झालेले मूल मालकाचीच मालमत्ता. गोरा पुरुष काळ्या स्त्रीच्या शरीरापर्यंत पोहोचणे तिथे कधीच अशक्य नव्हते. तिला पत्नीचा दर्जा देणे मात्र गुन्हा होता. काळा पुरुष आणि गोरी स्त्री यांच्या नुसत्या संशयावरून जमावाने माणसे झाडाला लटकवली. दक्षिणेतल्या ज्या स्त्रियांच्या घरात ही आठवण आजीकडून नातीकडे आली, त्यांना पडद्यावरची ही जोडी अनपेक्षित वाटण्याचे कारणच नव्हते.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवणे भाग आहे, कारण मराठीत या विषयावर लिहिताना तो हमखास आडवा येतो. अमेरिकी कायद्यांतला शब्द ‘मिसेजिनेशन’, म्हणजे गोऱ्या-काळ्यांतले लग्न किंवा शरीरसंबंध. तो जुना, विद्वानांचा शब्द असेल असे वाटते, पण तो डिसेंबर १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका निनावी पुस्तिकेत जन्मला. गोऱ्या-काळ्यांनी आपसांत लग्ने करावीत असा उघड पुरस्कार त्या पुस्तिकेत होता. लिहिणारे मात्र तसल्या मताचे नव्हतेच. ते विरोधी गोटातल्या वर्तमानपत्राचे दोन पत्रकार होते. १८६४ ची अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आली होती आणि गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या पक्षाला खरे हेच हवे आहे, अशी धास्ती मतदारांत पसरवायची होती. काही गुलामगिरीविरोधी पुढाऱ्यांना पुस्तिका पाठवून त्यांची अनुकूल उत्तरेही मिळवली गेली. निवडणूक झाली, बनाव उघडकीला आला, पण शब्द टिकला. त्याआधी लोक धातूंच्या मिश्रणाला वापरतात तसला एक शब्द वापरत. आता ‘मिसळणे’ आणि ‘वंश’ या लॅटिन शब्दांना जोडून शास्त्रीय थाटाचा शब्द हाताशी आला, आणि राज्याराज्यांच्या दंडसंहितांनी तो उचलला.

मराठीत त्याचे भाषांतर ‘वर्णसंकर’ असे केलेले आढळते. हे भाषांतर मला मान्य नाही. ‘वर्णद्वेष’ म्हणताना आपण वर्ण म्हणजे कातडीचा रंग धरतो. ‘वर्णसंकर’ म्हटले की तोच वर्ण चातुर्वर्ण्यातला होतो, आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कुलक्षयाच्या भीतीने जे बोलतो ते कानात वाजू लागते. त्या शब्दात निवाडा आधीच दिलेला आहे: मिसळणे म्हणजे बिघडणे. अमेरिकी शब्दही निवाडा देण्यासाठीच घडवला होता, म्हणून भाषांतर चपखल आहे असे कुणी म्हणेल. पण कायद्याचे नाव सांगताना तो शब्द वापरणे वेगळे आणि दोन माणसांच्या संसाराला आपण स्वतः तो शब्द लावणे वेगळे. आपल्याकडच्या सुधारकांनी यासाठी ‘मिश्रविवाह’ हा साधा शब्द रुळवला होता. तोच पुरेसा आहे.

सिनेमाने कायद्याच्या पाठोपाठ पावले टाकली. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वतःवर घालून घेतलेली आणि १९३४ पासून कडकपणे राबवलेली संहिता गोऱ्या-काळ्यांतले शरीरसंबंध दाखवण्यास स्पष्ट मनाई करत होती. परिणाम पात्रनिवडीवर झाला. १९४९ च्या एका गाजलेल्या चित्रपटात गोरी म्हणून खपून जाणाऱ्या कृष्णवर्णीय परिचारिकेची भूमिका गोऱ्या अभिनेत्रीला दिली गेली, कारण तिचा प्रियकर गोरा होता. तरीही टेक्सासमधल्या एका गावात तो दाखवणाऱ्या चित्रगृहचालकाला शिक्षा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५२ मध्ये ती शिक्षा रद्द ठरली. संहितेतले ते कलम १९५६ मध्ये निघाले.

कायदा बदलायला त्यानंतर ११ वर्षे लागली. जून १९५८ मध्ये व्हर्जिनियातल्या एका गोऱ्या गवंड्याने आणि त्याच्या कृष्णवर्णीय व मूलनिवासी वंशाच्या प्रेयसीने राजधानी वॉशिंग्टनमध्ये जाऊन लग्न केले. जुलैतल्या एका रात्री पोलीस थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. विवाहाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. एक वर्षाची कैद, आणि २५ वर्षे राज्यात एकत्र पाऊल ठेवणार नसाल तर ती स्थगित, अशी शिक्षा झाली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा आणि आणखी १५ राज्यांतले तसे कायदे एकमताने रद्द केले. नवऱ्याने वकिलामार्फत न्यायालयाला एवढेच सांगितले होते की माझे बायकोवर प्रेम आहे. इथेही पुरुष गोरा आणि स्त्री काळी होती, म्हणून या जोडीत शोषणाशिवाय दुसरे काही असूच शकत नाही असे म्हणणे मला पटत नाही. पण त्या दोघांनी किंमत सोबत मोजली. चित्रपटातल्या जोडीचे तसे आहे का, हा खरा प्रश्न आहे.

निकालाने मने लगेच पालटली नाहीत. १९५८ मधल्या एका मोठ्या जनमत चाचणीत अशा विवाहांना ४ टक्के लोकांचा पाठिंबा होता, २००२ मध्ये ६५ टक्क्यांचा. अलाबामाच्या राज्यघटनेतले, केव्हाच निष्प्रभ झालेले बंदीचे कलम काढायला २००० सालचे सार्वमत लागले, आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मतदारांनी ते राहू द्यावे असे मत दिले. चित्रपटाची कथा ज्या जॉर्जियात घडते, तिथल्या न्यायालयाने वीजखुर्ची क्रूर ठरवून बंद केली ती ऑक्टोबर २००१ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी. हा ताजा भूतकाळ होता, इतिहासाचे पुस्तक नव्हे.

मार्च २००२ मध्ये या चित्रपटाच्या नायिकेला प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. हीच भूमिका नाकारल्याचे दुसऱ्या एका नामवंत कृष्णवर्णीय अभिनेत्रीने पुढे उघडपणे सांगितले. काळ्या स्त्रीची कामुक प्रतिमाच त्यात पुन्हा उभी राहते, असे तिचे म्हणणे होते. तिला मत्सरी ठरवणारे बरेच निघाले. तो तिच्यावर अन्याय होता. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला पहिले ऑस्कर मिळाले होते १९४० मध्ये, मोलकरणीच्या भूमिकेसाठी, आणि त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलावर बसवले होते. कोणत्या भूमिकांना टाळ्या मिळतात याचा हिशेब ठेवायला त्या समाजाने तेव्हापासूनच सुरुवात केली होती.

प्रेक्षकांची मते सर्वांत जास्त फाटतात ती शेवटच्या प्रसंगावर. आपल्या नवऱ्याच्या अखेरच्या रात्री हा माणूस तिथे होता, हे तिला नवऱ्याने काढलेल्या चित्रांवरून नुकतेच कळलेले असते. तो चॉकलेट आइस्क्रीम घेऊन येतो. दोघे घरामागच्या पायऱ्यांवर बसतात, तो प्लॅस्टिकच्या चमच्याने तिला भरवतो, तिची नजर अंगणातल्या थडग्यांवर जाते. ती काहीच बोलत नाही. तो म्हणतो, आपले ठीक होईल. एक प्रेक्षक त्या गप्प बसण्याला क्षमा म्हणतो. दुसरा म्हणतो, घर गेलेले, मुलगा गेलेला, जायला दुसरी जागा नाही, ती बोलणार काय? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. तिला सत्य कळले आहे हे त्याला माहीत नाही, आणि ते सांगायचे की नाही एवढाच एक निर्णय तिच्या हातात उरला आहे.

२०१५ आणि २०१६ मध्ये ऑस्करच्या अभिनयाच्या सगळ्या नामांकनांत फक्त गोरे कलाकार होते, तेव्हा हा वाद नव्याने पेटला. २००२ ची विजेती अभिनेत्रीही पुढे म्हणाली की त्या रात्री दार उघडले असे तिला वाटले होते, ते उघडले नाही. प्रमुख अभिनेत्रीचा तो पुरस्कार पुन्हा एका बिगर-गोऱ्या स्त्रीकडे गेला २०२३ मध्ये, २१ वर्षांनी. ती मलेशियात जन्मलेली, चिनी वंशाची होती.