कॉम्प्रोमी की प्रोमेस? फ्रान्समधल्या जुन्या घराची दोन साठेखतं

मध्य फ्रान्समधल्या क्रूझ भागातलं दगडी घर. हातभर जाड भिंती, शेजारी गवताचं कोठार, किंमत ८०,००० युरो. पुण्यातल्या बऱ्या वस्तीतल्या टू-बीएचकेहून स्वस्त. निवृत्तीनंतर तिकडे जाऊन राहायचं म्हणून लंडनमधल्या आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने असं घर पसंत केलं, कागदावर सह्या केल्या आणि फोनवर सांगितलं, "इसार दिला." गफलत इथेच झाली.

फ्रान्समध्ये खरेदीखताच्या आधी जो करार होतो, तो दोन प्रकारचा असतो. एक 'कॉम्प्रोमी द व्हाँत', दुसरा 'प्रोमेस द व्हाँत'. गावाकडे लोक सर्रास दोन्हींना कॉम्प्रोमीच म्हणतात. दोन्हींत साधारण ५ ते १० टक्के रक्कम आधी भरायची असते आणि दोन्हींनंतर सुमारे तीन महिन्यांनी नोतेरसमोर खरेदीखत होतं. (नोतेर म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा आपला नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि त्याच्याशिवाय घर नावावर होत नाही.) वरवर पाहता फरक दिसत नाही. तो कळतो कोणीतरी माघार घेतली की.

कॉम्प्रोमीत दोघेही बांधले जातात. नावावरून तडजोड वाटते, पण सहीनंतर तडजोडीला जागा नसते. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेचं कलम १५८९ जवळजवळ उलट बोलतं: घर आणि किंमत यांवर दोघांचं एकमत झालं की वचन हीच विक्री. खरेदीदार मागे सरला तर विकणारा कोर्टात जाऊन व्यवहार पुरा करून मागू शकतो, किंवा करारातला दंड घेऊ शकतो. तो बहुधा किमतीच्या १० टक्के असतो.

प्रोमेसमध्ये बांधला जातो तो फक्त विकणारा. ठरलेल्या मुदतीपर्यंत घर तुमच्यासाठी राखून ठेवायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही घेतलं, तर घर अडवून ठेवल्याची भरपाई, म्हणजे पुन्हा १० टक्क्यांच्या आसपास, त्याच्याकडे जाते आणि विषय तिथे संपतो. यात एक खोच आहे. सहीच्या वेळी ५ टक्केच भरून घेतलेले असले, तरी कागदावर भरपाई १० टक्के लिहिलेली असू शकते. मग उरलेले ५ टक्केही द्यावे लागतात. शिवाय नोतेरशिवाय आपसात केलेली प्रोमेस दहा दिवसांच्या आत कर खात्याकडे नोंदवली नाही, तर ती रद्दबातल ठरते. कॉम्प्रोमीला ही नोंदणी लागत नाही.

सहीनंतर मन बदललं तर? राहण्यासाठी घर घेणाऱ्या सामान्य खरेदीदाराला दोन्हींत दहा दिवस मिळतात. कारण द्यावं लागत नाही, पैसे परत मिळतात.

खरा प्रश्न अकराव्या दिवशी सुरू होतो. कर्ज काढणाऱ्याला कायद्याचं कवच आहे: करारात लिहिलेल्या अटींवर बँकेने कर्ज नाकारलं, तर व्यवहार मोडतो आणि रक्कम परत मिळते. पण निवृत्त माणूस बहुधा रोखीने घर घेतो. तेव्हा त्याच्याकडून स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून घेतात, की मला कर्ज नको आणि त्यामुळे ते कवच मला मिळणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्या जोडप्यानेही ती ओळ वळणदार अक्षरात, शब्दकोश शेजारी ठेवून लिहिली होती. तीन आठवड्यांनी सुताराने छपराच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. छप्पर दुरुस्तीचा अंदाज आला घराच्या किमतीच्या निम्मा. हातात कॉम्प्रोमी, दहा दिवस उलटलेले. जुन्या घराच्या करारात दडलेल्या दोषांची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही असं कलम बहुतेक वेळा असतंच. त्याने जाणूनबुजून लपवलं हे सिद्ध करता आलं, तरच ते निष्प्रभ ठरतं.

म्हणून माझं मत असं: रोखीने घ्यायचं असेल आणि दुरुस्तीचा आकडा हातात नसेल, तर प्रोमेस मागावी. नुकसान झालंच, तर किती होणार हे आधी कळतं. उलट विकणारे चार भावंडं असतील, आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यासारखी, तर सगळ्यांच्या सह्या एकदाच घेऊन ठेवणारी कॉम्प्रोमी बरी, असं लोक सांगतात. पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर प्रोमेस दिलेला विक्रेताही मुदतीत शब्द फिरवू शकत नाही. तेव्हा त्या सल्ल्यात आता फारसा दम नाही.

करार कोणताही असो, त्यात अटी घालून घेता येतात. कोठाराचं राहतं घर करायचं असेल, तर 'बांधकाम परवानगी मिळाली तरच खरेदी' अशी अट मागा. गावाकडच्या घराला सार्वजनिक गटार नसेल, तर सेप्टिक टाकीचा तपासणी अहवाल सहीआधी वाचा. टाकी नियमात बसत नसेल, तर खरेदीनंतर एका वर्षात ती सुधारायची जबाबदारी नव्या मालकाची.

हे सगळं समजावून सांगायला स्वतःचा नोतेर घ्यावा. विकणाऱ्याचा एक, तुमचा एक असे दोन झाले तरी जादा शुल्क पडत नाही. ठरलेलं शुल्कच ते आपसात वाटून घेतात. आमच्या जोडप्याला हे कळलं ते खरेदीखताच्या दिवशी, विकणाऱ्याच्या नोतेरच्या टेबलापाशी.