लिव्हर ‘साफ’ करण्याआधी

पोटाची सोनोग्राफी कशासाठीही केलेली असो, मूतखड्यासाठी, ॲसिडिटीसाठी नाहीतर ऑफिसच्या वार्षिक तपासणीत, रिपोर्टाच्या शेवटी हल्ली एक ओळ हमखास असते: ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा, तेलकट कमी करा. घरचे म्हणतात, गुळवेलीचा काढा घे. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिव्हर डिटॉक्सच्या बाटलीची लिंक टाकून मोकळं होतं. यातला डॉक्टरांचा सल्ला अर्धाच सांगितलेला आहे, आणि काढा-बाटलीचा मामला वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा साधारण दीड किलोचा अवयव. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून येतं. जेवणातली साखर, प्रथिनं, गोळीतलं औषध, पेल्यातली दारू, सगळ्याची पहिली हजेरी तिथे लागते. आलेल्या साखरेपैकी थोडी यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. पण ही साठवण जेमतेम शंभर ग्रॅमची. त्यापुढची साखर येतच राहिली आणि स्नायूंनी ती वापरली नाही, की यकृत तिची चरबी करतं. ही चरबी रक्तातून बाहेर पाठवायची सोय असते, पण पाठवणं कमी पडलं की ती तिथेच, पेशींच्या आत, थेंबाथेंबाने साचते. पाच टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये असे थेंब दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

मग तेलातुपाचा वाटा किती? २००५ साली अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या काही रुग्णांना खुणेचे अणू असलेले पदार्थ देऊन यकृतातली चरबी नेमकी कुठून आली याचा माग काढला गेला. रुग्ण थोडेच होते, पण उत्तर डोळे उघडणारं होतं. सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या चरबीतून सुटून आलेली. २६ टक्के यकृताने साखर-पिठापासून स्वतः तयार केलेली. आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के.

हे पटत नसेल तर फ्रान्सकडे बघा. तिथल्या फ्वा ग्रा नावाच्या महागड्या पदार्थासाठी बदकांना आणि हंसांना नळीने कोंबून कोंबून भरवतात. काय भरवतात? लोणी नव्हे, मका. काही आठवड्यांत त्या पक्ष्याचं यकृत नेहमीच्या दहापट फुगतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. पिष्टमय खाणं प्रमाणाबाहेर गेलं की यकृत काय करतं, याचा याहून ढळढळीत नमुना सापडणार नाही. (या क्रूरतेमुळे भारताने २०१४ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली.)

“पण मी तर जाड नाही!” हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडसडीत. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिकांच्या चमूने जन्मलेल्या बाळांचाही अभ्यास केला. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हलकी होती ती स्नायू आणि अवयवांच्या बाबतीत. चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखून ठेवली होती. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नये, शिवणकामाची टेप घ्यावी. बेंबीच्या आसपासचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० च्या वर गेला, की दंड-पोटऱ्या कितीही काटकुळ्या असोत, सावध व्हायला हवं.

आता त्या रिपोर्टाबद्दल. ‘ग्रेड १, २, ३’ म्हणजे पडद्यावर यकृत किती पांढरट दिसलं, एवढंच. खरा प्रश्न वेगळा आहे: यकृतात व्रणासारखे कडक धागे, म्हणजे फायब्रोसिस, सुरू झाला आहे का? पुढे सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं, होतो तो त्या वाटेने. ग्रेड १ असूनही फायब्रोसिस असू शकतो आणि ग्रेड २ असूनही नसू शकतो. त्याचा पहिला अंदाज घ्यायला महागडी तपासणी लागत नाही, साध्या रक्ततपासणीतले तीन आकडे (एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स, आणि प्लेटलेट्स) आणि वय पुरतं. याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. त्या गुणाकाराला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यांनी भागायचं.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २ लाख ६० हजार. वर आले २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, त्याला २६० ने गुणून २०८०. उत्तर १.२. हे १.३ च्या खाली आहे, म्हणजे गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. हेच सगळे आकडे ठेवून प्लेटलेट्स २ लाख १० हजार धरा: उत्तर जवळजवळ १.५. आता डॉक्टरांना ‘फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालं ते मोजणारी तपासणी) करू का?’ असं विचारायला जागा आहे. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ची रेषा धरतात. गंमत म्हणजे एसजीपीटी नॉर्मल आली म्हणून आपण निर्धास्त होतो, पण फॅटी लिव्हर असलेल्या पुष्कळांची एसजीपीटी नॉर्मलच असते.

ताटाकडे येऊ. सगळ्यात आधी चहा. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर ‘मी गोड खातच नाही’ असं म्हणता म्हणता पोटात जाते. आपली साखर म्हणजे अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो आणि त्यातून चरबी झटकन तयार होते. गुळाने आणि मधाने यात काही फरक पडत नाही. फळ चावून खाल्लं तर ठीक, त्याचा चोथा काढून रस केला की ते जवळपास सरबतच.

दुसरं, उपास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, सोबत बटाटा, वर साखर घातलेलं दही. महिन्यातून दोन एकादश्या आणि चार सोमवार असे ‘हलके’ उपास करणाऱ्याचं यकृत त्या दिवशी सुट्टीवर जात नाही, ओव्हरटाइम करतं. भाकरीचंही तेच. ज्वारीची भाकरी मैद्यापेक्षा चांगली, यात शंका नाही, पण चांगली आहे म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब तिथेच येतो. भाकरी दीड, उसळीची वाटी मोठी, पालेभाजी-कोशिंबीर भरपूर, ही वाटणी केली तर नवीन काही विकत आणावं लागत नाही.

तेलाचा प्रकार मात्र महत्त्वाचा आहे. स्वीडनमध्ये ३९ तरुणांना सात आठवडे रोज जास्तीचे मफिन खायला दिले. निम्म्यांचे मफिन पाम तेलातले, निम्म्यांचे सूर्यफूल तेलातले. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, पण यकृतातली चरबी पाम तेलवाल्यांचीच ठळकपणे वाढली. फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटं यांच्या पाकिटावर मागच्या बाजूला ‘पामोलीन’ शोधा, सापडेल.

कॉफीबद्दलची बातमी चांगली आहे. कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस, सिऱ्हॉसिस आणि यकृताचा कर्करोग कमी आढळतो, हे इतक्या देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे की तज्ज्ञ आता ते गंभीरपणे घेतात. कॅफिन काढलेल्या कॉफीतही हे दिसतं. या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत, त्यामुळे नावडत असताना कॉफी सुरू करायची गरज नाही. आणि अर्थात ती बिनसाखरेची.

वजनाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होते, ७ टक्क्यांच्या पुढे सूज उतरू लागते. क्यूबात जवळपास तीनशे रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून शेवटी यकृताचा तुकडा तपासला. ज्यांनी १० टक्के वजन कमी केलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिससुद्धा मागे हटला. ऐंशी किलोच्या माणसासाठी ही गोष्ट आठ किलोंची आहे. महिन्यात उरकायची घाई करू नये, झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात. आणि काटा हललाच नाही तरी चालणं सोडू नका, कारण वजन तेवढंच राहूनही व्यायामाने यकृतातली चरबी घटते. औषधंही आली आहेत: अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरोम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड, दोन्ही सूज आणि फायब्रोसिस झालेल्या रुग्णांसाठी. ग्रेड १ वाचून मागण्यासारखी ती नाहीत.

दारूवर फार लिहीत नाही. फॅटी लिव्हर असताना ‘फक्त शनिवारी’ हा करार यकृताने केलेला नसतो.

आता काढे आणि बाटल्या. यकृताच्या औषधांची आपल्याकडे एवढी चलती का, हे काविळीकडे पाहिलं की कळतं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळतं: उसाचा रस, बिनतेलाचं जेवण, काविळीची माळ. ही माळ डोक्यावर ठेवतात आणि कावीळ उतरेल तशी ती लांबत लांबत गळ्यात येते. हे लांबणं खरंच घडतं. माळ ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून केलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात, दोरा सुटत जातो. खुंटीला टांगली तरी ती लांबेल. पण गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला असेल, तर माळेत गेलेले दिवस जिवावर बेततात.

भुईआवळ्याची कथा जास्त गुंतागुंतीची. १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलं की हिपॅटायटिस बी च्या ३७ वाहकांना भुईआवळा दिल्यावर २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, औषध नसलेली दिखाऊ पूड घेणाऱ्या २३ जणांत हे एकाच्याच बाबतीत झालं. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी तोच प्रयोग केला आणि तसा निकाल पुन्हा मिळाला नाही. पहिली बातमी आजही जाहिरातींत फिरते, पुढची फिरत नाही.

गुळवेलीचं वळण वेगळंच. कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघरी काढे उकळले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांना आढळलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, वनस्पतीच चुकीची असेल असं म्हटलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांवरच्या ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. लाखोंनी काढा घेतला आणि त्यांना काही झालं नाही, हेही खरंच. पण ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याच्या बेतात आहे, त्यांना ती आणखी ‘वाढवणं’ महागात पडू शकतं.

हळद? वरणातली हळद खुशाल खा. कॅप्सूलमधली गोष्ट निराळी. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं की ते माणसात वीसपट शोषलं जातं. कॅप्सूलवाल्यांनी हे उचललं. २०२२ मध्ये अमेरिकेत हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा जणांची नोंद झाली. त्यांच्यापैकी सात जणांच्या गोळ्या तपासल्या, तिघांच्या गोळ्यांत पायपरिनही सापडलं. ग्रीन टीचंही तसंच. कपातला चहा निर्धोक, पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधला एक घटक) पोटात गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

यातून एकच नाव थोडं वर येतं: व्हिटॅमिन ई. मधुमेह नसलेल्या रुग्णांच्या २०१० सालच्या चाचणीत रोज ८०० युनिट दिल्यावर ४३ टक्क्यांचं यकृत सुधारलं, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने १९ टक्क्यांचं. पण याच जीवनसत्त्वाच्या रोजच्या ४०० युनिटने पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं एका दुसऱ्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे, मेडिकलवाल्याकडून मागून घ्यायचं नव्हे.

घरातल्या आणखी दोन गोष्टी. पॅरासिटामॉल प्रमाणात घेतली तर यकृताला चालते, पण सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत तीच असते. निरोगी मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा सगळी मिळून ४ ग्रॅम आहे, आणि रोज पिणाऱ्याची त्याहून कमी. दुसरं म्हणजे शेंगदाणे. बुरशी आलेले, काळपट, कडू लागणारे दाणे भाजून कुटात ढकलू नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहालात बुरशी लागलेला मका खाऊन शेकडोंना कावीळ झाली आणि शंभराच्या आसपास माणसं दगावली.

पुढच्या वेळी यकृताच्या डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर एक पिशवीही न्या. त्यात घरात चालू असलेली प्रत्येक बाटली, पूड, काढ्याचं पाकीट, जिमवाल्याने दिलेला डबा, सगळं घाला. ‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, कारण ही औषधं त्यांच्या लेखी औषधं नसतातच. आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल, तर तीही त्याच भेटीत विचारून घ्या.