प्रसूतिपूर्व तपासणी : मातेची वैशिष्ट्ये आणि भेटींची संख्या

गर्भवती स्त्री तपासणीसाठी किती वेळा जाते, याचा तिचे शिक्षण, वय, आधीची बाळंतपणे, घरची सांपत्तिक स्थिती आणि वस्तीचे ठिकाण यांच्याशी असलेला संबंध.

नियमित तपासणीचा आरंभ सामान्यतः १९०१ च्या सुमाराचा मानतात. त्याचे श्रेय बहुधा एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जे. डब्ल्यू. बॅलंटाइन यांना दिले जाते. परंतु त्यांचा भर आजारी गर्भवतींना रुग्णालयात ठेवून घेण्यावर होता. निरोगी गर्भवतींनाही घरी जाऊन पाहण्याचा बॉस्टनच्या परिचारिकांचा उपक्रम आजच्या तपासणीला अधिक जवळचा वाटतो. भेटींचे वेळापत्रक मात्र ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाच्या १९२९ च्या परिपत्रकाने रूढ झाले : १६, २४ व २८ व्या आठवड्यात, मग ३६ व्या आठवड्यापर्यंत पंधरवड्याने आणि पुढे दर आठवड्याला. या अंतरांमागची कारणे परिपत्रकात दिलेली नाहीत, तरी अनेक देशांनी थोड्याफार फरकाने तीच उचलली. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये किमान चार भेटी सुचविल्या, तर २०१६ मध्ये आठ.

नुसती भेटींची बेरीज फसवी ठरते. बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या भेटी कमी भरतात. त्यामुळे कमी भेटींनी अकाली प्रसूती झाली, असा उलटा अर्थ निघू शकतो. याउलट रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला वारंवार बोलावले जाते, म्हणून जास्त भेटी आणि वाईट परिणाम एकत्र दिसतात. यावर अमेरिकी संशोधक कोटेलचक यांनी १९९४ मध्ये निर्देशांक मांडला. त्यात तपासणी कोणत्या महिन्यात सुरू झाली आणि प्रसूतीपर्यंत अपेक्षित भेटींपैकी किती झाल्या, हे वेगवेगळे पाहतात. ८० ते १०९ टक्के भेटी झाल्यास त्या पुरेशा समजतात. जोखमीच्या स्त्रीला अधिक वेळा बोलावले जाते, हा प्रश्न यानेही पुरता सुटत नाही.

आईचे शिक्षण व घरची सुबत्ता यांबरोबर भेटी वाढतात, हे बहुतेक देशांत आढळते. बाळंतपणांचा क्रमांक वाढला की भेटी घटतात. मात्र ब्रिटनमध्ये पहिलटकरणीला दहा आणि नंतरच्या खेपेस सात भेटी नियमातच सुचविल्या असल्याने तेथील घट म्हणजे हयगय नव्हे. वयाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५१ टक्के, तर २०१९-२१ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. बिहारमध्ये ते २०१९-२१ मध्ये सुमारे २५ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ७० टक्के भरले. ही माहिती आईच्या आठवणीवर बरीच विसंबते. मूल चार वर्षांचे झाल्यावर ‘किती वेळा तपासलं?’ असे विचारले, तर खासगी सोनोग्राफीची खेप धरायची की नाही, हे तिचे तीच ठरवते.

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यापासून माहेरी नेण्याची चाल आहे. सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदलेले, कार्डावर पहिल्या तारखा तिथल्या आणि पुढच्या दुसऱ्याच आरोग्यसेविकेच्या हाताच्या, असे कार्ड सर्रास दिसते. ते प्रवासात हरवले की आधीच्या भेटींचा पुरावाही जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भवतींची अडचण याहून मोठी. बीडसारख्या जिल्ह्यांतून त्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि अनेक महिने कारखान्याच्या परिसरातील कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात; गावच्या आशाताईच्या वहीत नाव असते, बाई नसते.